मक्त्याने दिलेली मुले

दरवर्षी जूनच्या मध्यावर, मृगाच्या सरी पडल्या न पडल्या असताना, लातूर आणि नांदेड या दोन शहरांत गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. आणि व्यासपीठ शिकवणीवर्गाचे असो, पतसंस्थेचे असो वा एखाद्या समाजमंडळाचे असो, त्यावरून होणाऱ्या भाषणांचा मथितार्थ बहुधा एकच असतो. तो असा, की पाऊस आणि सरकार या दोहोंनी सारखेच उपेक्षिलेल्या या प्रदेशाने आपल्या तरुणांसाठी जे करावयाचे ते करून दाखविले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, एस.टी.च्या वाहकाच्या, जिल्हा परिषदेच्या शिपायाच्या घरातील मुलगा दोन वर्षे भाड्याच्या खोलीत मान खाली घालून बसतो आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जाऊन उभा राहतो, यापरते तरुणांचे हित कोणते असणार. आणि ज्यांना मुलांच्या मनावरील ताण, खेळ, छंद, सोबत यांची उठाठेव सुचते, त्यांची ती पोट भरल्यानंतरची चैन होय. या प्रतिपादनाला टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्या मनापासूनच्या असतात.

हे मत मी हलक्यात काढीत नाही. ज्या मुलुखात निजामी अमलाच्या अखेरपर्यंत मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण मिळणे दुर्मिळ होते, तेथील मुले आज देशभराच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळवितात, ही घटना लहान नाही. तिच्यामागे आईने मोडलेल्या पाटल्या आहेत, बापाने गहाण टाकलेले रान आहे, आणि त्या मुलांनी स्वतः जागविलेल्या रात्री आहेत. माझा आक्षेप आहे तो या यशावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. समाजाचे तरुणांविषयीचे कर्तव्य या व्यवस्थेने पार पडले, असा तो निष्कर्ष आहे. आणि माझे म्हणणे असे की कर्तव्य पार पाडण्याऐवजी समाजाने ते मक्त्याने देऊन टाकले आहे. जुन्या काळी सरकार एखाद्या परगण्याचा वसूल इजाऱ्याने लावून देई आणि मग रयतेचे काय होते याची विचारपूस करीत नसे. त्याच रीतीने आपल्या मुलांची चौदा ते वीस ही सहा वर्षे आपण इजारदारांच्या हवाली केली आहेत, आणि वर्षअखेर भरणा किती झाला एवढीच चौकशी करतो.

प्रथम इतिहासाची बाजू पाहू, कारण या मताचे पुरस्कर्ते आपली वंशावळ ‘लातूर पॅटर्न’पर्यंत नेऊन भिडवितात. लातूर जिल्हा ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्याच्या बारा वर्षे आधी, 1970 साली, तेथे राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले होते. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच झाले. पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, या महाविद्यालयाने जी पद्धत रूढ केली तिला पॅटर्न हे नाव पडले. जादा तास, वारंवार चाचण्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांच्या हाती देऊन चुका दाखविणे, पालकांशी सतत संबंध ठेवणे, अशी तिची साधी घडण होती. तिच्यावर घोकंपट्टीचा आरोप झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. गुणवत्ता यादीतील नावे मोजण्याचा छंद या शहराला तेव्हाच जडला. परंतु तिचे एक अंग आज सोयीस्करपणे विसरले जाते. हे सर्व महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत, पगारी प्राध्यापकांकडून आणि एका सार्वजनिक संस्थेच्या जबाबदारीवर होत होते. चाचणीत मागे पडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच शिक्षकासमोर बसे. तो शिक्षक त्याच गावात राहणारा, भाजीबाजारात त्या मुलाच्या बापाला भेटणारा, आणि त्याला उत्तर देण्यास बांधलेला असे.

आजच्या वारसदारांनी या पद्धतीतील चाचण्या तेवढ्या उचलल्या आणि जबाबदारी तिथेच ठेवली. शिकविणे महाविद्यालयातून उठून गल्लीत गेले. लातुरात ज्याला सर्रास ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात तो भाग आणि नांदेडचे श्यामनगर-भाग्यनगर ही आता खरी विद्यापीठे झाली, आणि कनिष्ठ महाविद्यालयांकडे प्रवेश, प्रात्यक्षिकाचे गुण व दाखला एवढेच काम उरले. 2018 साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढावा लागला, याचा अर्थ उघड आहे: मुले पटावर होती आणि वर्गात नव्हती. मूळ पॅटर्नमध्ये महाविद्यालय हे मुलाच्या दिवसाचे केंद्र होते. आताच्या व्यवस्थेत ते एक दप्तर आहे. तेव्हा पॅटर्नचे नाव घेऊन पॅटर्नच्या नेमक्या उलट रचनेचे समर्थन करणे, हे मयत माणसाच्या सहीने दस्त करून घेण्यासारखे आहे, असे कठोर वाटले तरी म्हणणे भाग आहे.

दुसरे प्रतिपादन आकड्यांचे. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फलक उभे राहतात, त्यांवर टपाल तिकिटाएवढ्या छायाचित्रांच्या रांगा, खाली गुण आणि मध्यभागी संचालकांची मोठी तसबीर. या फलकांवर एक आकडा कधीही नसतो, तो म्हणजे त्या वर्षी त्या वर्गात एकूण किती मुलांनी पैसे भरले हा. अंश ठळक अक्षरांत आणि छेद गुप्त, अशा अपूर्णांकावर दोन जिल्ह्यांचे लोक आपल्या जमिनी लावीत आहेत. देशाचा अपूर्णांक मात्र जगजाहीर आहे. 2024 च्या नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला 23 लाखांहून अधिक मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे 1 लाख 8 हजार. त्यांतील शासकीय महाविद्यालयांच्या जागा जेमतेम निम्म्या, म्हणजे 56 हजारांच्या आसपास. बावीस लाख मुलांचे जे झाले ते समारंभाच्या भाषणात येत नाही. काही ‘ड्रॉप’ घेतात, म्हणजे एक वर्ष रिपीटर बॅचमध्ये घालवितात, मग दुसरे. आणि एकविसाव्या वर्षी गावी परततात तेव्हा त्यांच्यापाशी पदवी नसते, कसब नसते, शेतीची सवय मोडलेली असते आणि वर्गात अकरावीपासून शेजारी बसणाऱ्या मुलांपैकी एकाचीही मैत्री उरलेली नसते, कारण तेथे शेजारी हा प्रतिस्पर्धीच होता. यश हेच जर व्यवस्थेचे समर्थन असेल तर ज्यांना यश येणार नाही हे गणितानेच ठरलेले आहे, त्यांच्यासाठी या व्यवस्थेची तजवीज काय, हा प्रश्न तिच्या समर्थकांनी टाळता कामा नये.

येथे नांदेडने स्वतःचाच एक दाखला आठवावा. नरहर कुरुंदकर हे या शहराचे भूषण म्हणून मिरविले जातात. त्यांच्या नावाने व्याख्याने होतात. इंटरच्या परीक्षेत ते पुनःपुन्हा अनुत्तीर्ण झाले होते, हे त्या व्याख्यानांत गमतीची आठवण म्हणून सांगितले जाते. त्यात गंमत नाही. 1932 साली जन्मलेल्या आणि अवघ्या पन्नाशीच्या आत, 1982 च्या फेब्रुवारीत, व्यासपीठावरच देह ठेवलेल्या या माणसाला पदवी हाती नसतानाही नांदेडच्या प्रतिभा निकेतनने शिक्षक म्हणून ठेवून घेतले, गावातील मंडळींनी त्याच्याशी वाद घातले, त्याला पुस्तके दिली, त्याचे ऐकले. पुढे त्याने एम.ए. केले आणि 1950 साली निघालेल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले. परीक्षेत पडलेल्या तरुणाला वाया गेलेला न समजण्याइतकी सवड त्या लहान, गरीब गावापाशी होती. आजच्या नांदेडात तसा एखादा मुलगा असेलच. तो बहुधा शेवटच्या बॅचमध्ये शेवटच्या बाकावर बसविलेला आहे आणि त्याच्या बापाला फोनवर सांगण्यात आले आहे की पोराचे लक्ष नाही.

तिसरे प्रतिपादन सर्वांत लोकप्रिय, आणि मला वाटते सर्वांत घातक. ते असे: कष्टाने माणूस घडतो, आमच्या पिढीने कंदिलाखाली अभ्यास केला, आम्हांला कोणी समुपदेशक दिला नव्हता, आजची मुले नाजूक झाली असतील तर दोष मोबाइलचा आणि लाडांचा. कष्टाने माणूस घडतो हे खरे. परंतु मागच्या पिढीचे कष्ट आणि आताच्या मुलांचे कष्ट यांची जात वेगळी आहे, कारण मागच्या पिढीने ते चारचौघांत सोसले. ज्यांनी लातूर-नांदेडच्या बसस्थानकांवर सकाळची वेळ पाहिली असेल त्यांना डब्यांचा तो प्रकार परिचित असेल. मुखेड, कंधार, देगलूर, अहमदपूर, निलंगा या बाजूंनी येणाऱ्या गाड्यांत चालकाच्या डाव्या हाताला इंजिनाच्या झाकणावर कापडी पिशव्या रचलेल्या असत. प्रत्येकीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मुलाचे नाव आणि कॉलेज. आत भाकरीची चळत, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात गुंडाळलेला कांदा, आणि कधी मधल्या पुडीत दुमडलेली नोट. गाडी लागली की मुले दाराशी गर्दी करीत. ‘आज तुझा डबा आला नाही, म्हातारी आजारी आहे’ हा निरोप वाहकच देई, आणि मग ज्याचा डबा आला तो न आलेल्याला आपल्यात बसवी. या वाहतुकीची पावती फाटत नसे. मुलगा शहरात राहिला तरी त्याचे गाव रोज सकाळी त्याला शोधत येत होते. अजूनही काही मार्गांवर हे डबे येतात. परंतु बहुसंख्य मुलांचा डबा आता मेसवाल्याकडून येतो, आणि तो दाराबाहेर ठेवून माणूस निघून जातो.

कष्टाचा दुसरा धडा लातूर जिल्ह्याला तालमींनी दिला होता. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. कुस्तीगिराच्या मेहनतीपुढे नीटची मेहनत मोठी म्हणता येणार नाही. पहाटेच्या जोर-बैठका, खुराकाचे पथ्य, वर्षानुवर्षांचे एकाग्र जीवन. पण तालमीत वस्ताद असे, आणि पोराने काय खाल्ले, किती झोपला, कोणाच्या संगतीत हिंडला, घरी भांडून आला काय, एवढी सगळी खबर ठेवणे हा वस्तादकीचा दस्तूर होता. पडलेल्या पोराला उठवून त्याच्या पाठीवर माती चोळणारा माणूस हौदातच उभा असे. पोरांना कष्ट नकोत असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की दहा बाय बाराच्या खोलीत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या, आठ-आठ दिवस मोठ्या माणसाशी एक धड वाक्य न बोलणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हौदात कोण उभा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातील 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे: 1,764. या सर्वांचे कारण परीक्षा आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अज्ञानाचे होईल. परंतु ज्या राज्यात ही संख्या आहे त्या राज्यात ‘मुले नाजूक झाली’ एवढे बोलून पाणी पिऊन खाली बसणाऱ्या वक्त्याला मी प्रौढ माणूस समजत नाही.

चौथा पक्ष कायद्याचा आश्रय घेतो. शासनाने नियम केले आहेत, न्यायालयाने आदेश दिले आहेत, समाजाने वेगळे काय करावयाचे, असा त्याचा सवाल. नियम आहेत खरे. 16 जानेवारी 2024 रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली: सोळा वर्षांखालील मुलाला प्रवेश नाही, दिवसात पाच तासांहून अधिक शिकवणी नाही, आठवड्याची सुट्टी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नाही, खोट्या हमीच्या जाहिराती नाहीत, मध्येच सोडून जाणाऱ्यास उरलेली फी परत. आणि 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, गुणांच्या प्रतवारीने बॅचेस पाडणे, चारचौघांत लाज काढणे आणि मुलाच्या कुवतीबाहेरची उद्दिष्टे लादणे शक्यतो टाळावे असे बजावून, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे फर्मान काढले. वसतिगृहातील पंखे आणि गच्च्या यांच्याविषयीही त्यात निर्देश आहेत. आता आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन बॅच’च्या जाहिराती वाचाव्यात आणि ही तत्त्वे कोणत्या फडताळात पडली आहेत त्याचा अंदाज करावा. पंख्याला स्प्रिंग बसविली की नाही हे निरीक्षक पाहू शकतो. त्या पंख्याखाली निजणाऱ्या मुलाचे तीन दिवस जेवणावरून मन उडाले आहे, हे खोलीमालकिणीला, मेसवाल्याला, वा जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्यालाच दिसू शकते, आणि त्यांनी ते पाहावे असा नियम करण्याची शक्ती कोणत्याही सचिवालयात नाही.

नियमांवर विसंबणाऱ्यांनी 2024 चा जून महिना विसरू नये. नीटच्या पेपरफुटीचे धागे बिहार-गुजरातपर्यंत पसरले असताना त्यातला एक लातुरात सापडल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्यांच्या अपराधाचा निवाडा न्यायालय करील. पण त्या आठवड्यात शहरात जे कुजबुजले जात होते ते मला निवाड्याहून अधिक बोलके वाटले: संतापापेक्षा कुतूहल जास्त होते, आणि ‘कितीला?’ हा प्रश्न दबल्या आवाजात विचारला जात होता. ज्या समाजाने मुलांना सहा वर्षे एकच मूल्य शिकविले त्याला त्या मूल्याचा बाजारभाव विचारण्यात संकोच वाटला नाही, तर नवल कसले?

याउपर एक आक्षेप उरतो, आणि तो मला गंभीर वाटतो. ‘समाज, समाज म्हणून तुम्ही ज्याचे गोडवे गाता त्या जुन्या गावाने कोणाला जवळ केले होते? पारावर कोणाला बसू दिले, तालमीत कोणाला घेतले?’ हा आक्षेप खरा आहे. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना गावाने मारले. तेव्हा गावपण जिवंतच होते. आणि मुलींपुरते बोलायचे तर, दहावीनंतर लग्न उरकण्याच्या घाईतून पुष्कळ मुली सुटल्या त्या शहरातल्या शिकवणीचे निमित्त मिळाल्यामुळे, हे शिकवणीच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा केले पाहिजे. म्हणून जुने गाव परत आणा असे मी म्हणत नाही. परंतु जातीच्या वतनातून सुटका करणारी जी साधने या भागाला मिळाली ती खुल्या, सार्वजनिक संस्थांची होती: सरकारी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, कंधारला भाई केशवराव धोंडगे यांनी 1948 साली काढलेली श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. शिकवणीवर्ग जात विचारीत नाही, पण धनादेश विचारतो. किनवटच्या कोलाम मुलीला आणि मुखेडच्या ऊसतोडीवर जाणाऱ्या मुलाला त्या दाराशी जात विचारण्याची वेळच येत नाही. जुने गाव काहींना बाहेर ठेवी. नवा बाजार बहुतेकांना ठेवतो. दोहोंना उत्तर म्हणून सर्वांना खुले असे सार्वजनिक जीवन उभारणे, हे काम शिल्लकच राहते.

हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे जे म्हणतात त्यांना स्वतःचा इतिहास ठाऊक नसावा. निजामी राज्यात ‘गश्ती निशाण 53’ने सभा भरविण्यावर परवानगीचे जोखड घातले होते, खासगी शाळा आणि आखाडे यांवरही दरबाराची वक्रदृष्टी होती, कारण तरुण कोठे घडतात हे दरबाराला आपल्यापेक्षा चांगले कळत होते. तशा काळात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली, आणि विजापूरकडून आलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे व नंतर अंबाजोगाईला शिकविण्यासाठी राहिले. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून घालविण्यात आले, तेव्हा त्यांना नागपूरने आपल्या विद्यापीठात सामावून घेतले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपाने पोरकी झालेली मुले कोणाची, असा प्रश्न लोकांनी शासनाला विचारीत बसण्याऐवजी शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुले पुण्याला नेऊन शिकविली, आणि नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा प्रभृतींनी ‘आपलं घर’ उघडले. आपत्ती दृश्य होती म्हणून हात पुढे आले. आताची आपत्ती फलकांआड आहे.

परदेशी दाखला देण्याचा मोह मी सहसा टाळतो, पण एक येथे फार नेमका बसतो. आइसलँड हा देश लोकसंख्येने लातूर शहराहूनही लहान. 1998 साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागच्या महिन्याभरात दारूने झिंगल्याचे सांगत होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. त्यांनी व्याख्याने वाढविली नाहीत. दरवर्षी शाळाशाळांतून मुलांनाच प्रश्न विचारून निष्कर्ष त्या-त्या वस्तीपुढे ठेवले. आईबापांनी आपसांत लेखी करार केले, की मुले रात्री उशिरा बाहेर राहणार नाहीत आणि आपण एकमेकांच्या मुलांकडे लक्ष देऊ. आणि खेळ, संगीत, नृत्य यांच्या मंडळांची फी नगरपालिकेने प्रत्येक मुलामागे अनुदान देऊन सोसली. यावर ‘तो श्रीमंत देश आहे’ असे उत्तर येईल. पण पालकांच्या करारनाम्याला पैसा लागत नाही. आणि आपल्याकडे एकेका मुलामागे शिकवणी, खोली, मेस मिळून दोन वर्षांत जो पैसा ओतला जातो तो पाहता, गरिबीची सबब निदान लातुरातील ज्यांचे चार मजले या मुलांच्या भाड्यावर उभे आहेत त्यांनी तरी सांगू नये.

तेव्हा कोणी काय करावे, हे मोघम ठेवण्याचे कारण नाही. महाविद्यालयांनी आपले वर्ग परत घ्यावेत. ज्यांना शासन पगार देते त्यांनी मूळ पॅटर्नप्रमाणे तास घ्यावेत आणि मुलांच्या गैरहजेरीला मूक संमती देण्याचा व्यवहार बंद करावा. खोल्या भाड्याने देणाऱ्यांची महापालिकेत नोंद व्हावी, आणि प्रत्येक इमारतीत रात्री जागेवर असणारे एक जबाबदार प्रौढ माणूस आहे, याची कबुलायत लिहून घ्यावी. त्या माणसाला ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा 14416 हा क्रमांक आणि सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकचा पत्ता पाठ असावा. गणेश मंडळांनी दहा दिवसांच्या ध्वनिवर्धकाचा खर्च कमी करून वर्षभर एक मैदान सायंकाळी पाच ते सात राखावे, आणि त्या वेळात शिकवणी ठेवणाऱ्या वर्गांना वर्गणीच्या पावतीपुस्तकासह भेट द्यावी; या एका बाबतीत त्यांच्या आग्रही स्वभावाचा सदुपयोग होईल. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात 1967 पासून आहे. तरीही मुले महिनेवारी भाडे भरून खासगी अभ्यासिकेच्या खुराड्यात बसतात आणि ग्रंथालयाची खोली सायंकाळी कुलूपबंद असते, याचा जाब ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला विचारावा. आणि गुणगौरव समारंभाला जाणाऱ्या पाहुण्यांनी, लोकप्रतिनिधींनी विशेषेकरून, निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी एकूण प्रवेशांचा आकडा लेखी मागावा. तो छापला नसेल तर जाऊ नये.

पैशाचे विचाराल, तर त्याचीही सोय दिसते आहे. शिकवणीच्या फीवर शासन 18 टक्के वस्तू व सेवा कर घेते, म्हणजे हा व्यवसाय आहे हे सरकारदरबारी केव्हाच मुक्रर झालेले आहे; तो कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात, आणि ज्या गल्लीत ही हजारो मुले राहतात त्या गल्लीच्या वाट्याला ओसंडणारी गटारे येतात. नांदेड-वाघाळा महापालिका 1997 साली आणि लातूर महापालिका 2011 साली अस्तित्वात आली. मालमत्ता कर आकारण्याचा अधिकार दोघींकडे आहे. शिकवणीवर्गांच्या आणि भाड्याच्या वसतिगृहांच्या इमारतींवर व्यापारी दराने आकारणी करून, ती रक्कम मैदाने, अभ्यासिका आणि समुपदेशक यांच्यासाठी स्वतंत्र खात्यात जमा करण्याचा ठराव येत्या अंदाजपत्रकी सभेत मांडता येईल, आणि त्याला विरोध कोण करतो, त्या विरोधकाचे त्या गल्लीत किती मजले आहेत, हे इतिवृत्तात नोंदविता येईल.